गाऊनच्या नाड्या

"मावशी, हे काय चाललंय?"

कपडेखात्याच्या साहेबांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरातली ती लांबलचक खोली. एका बाजूला धुलाईची मशिनं घरघरत होती, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या टेबलांवरून वाफ उठत होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर, तोंडाला फडकं आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या इस्त्रीवाल्या मावशी मांडीवर रुग्णांचे गाऊन घेऊन बसल्या होत्या. हातात सुईदोरा.

"नाड्या लावतेय, साहेब. ड्रायरमध्ये पीळ पडतो, तुटून जातात."

"आणि वर जायच्या कपड्यांच्या गाड्या थांबल्यात त्याचं काय? कालही तुमच्यामुळे दोन गाड्या उशिरा गेल्या!"

"जेवणाच्या सुट्टीतच शिवते हो. पण हल्ली फाटके फार येतात. उरलेले बाजूला ठेवले होते, एवढंच."

"बाजूला ठेवायचे नाहीत. धुतलं, वाळलं, इस्त्री झाली की वर पाठवायचं. अंग झाकलं जातं ना? मग झालं! नाडी नाही म्हणून कुणी मरत नाही."

मावशींनी सुई पदराला खोचली आणि त्या इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी लगेच कागदावर हुकूम काढला आणि दारावर चिकटवला: दुरुस्तीसाठी कोणताही कपडा थांबवू नये.

साहेब वाईट माणूस नव्हते हं. या खात्यात येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. आल्या आल्या त्यांनी सगळी घडी बसवली. पूर्वी सकाळच्या चादरी दुपारी पोहोचायच्या, त्या आता वेळेवर पोहोचू लागल्या. वरच्या साहेबांनी बैठकीत पाठ थोपटली. माणूस निर्व्यसनी, शब्दाचा पक्का. आणि देवाधर्माचं म्हणाल, तर त्यांच्या चर्चच्या मंडळीत त्यांच्यासारखा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचणारा दुसरा नव्हता. रविवारी ते वेदीजवळ उभे राहून वाचू लागले की लहान मुलंसुद्धा चुळबूळ थांबवायची.

त्या रविवारीही तसंच झालं. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तो भाग त्यांच्या वाट्याला आला होता. साहेबांनी तो असा वाचला, की पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी डोळे टिपले. बाहेर पडताना चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "आज अगदी डोळ्यांपुढे उभं केलंत!" साहेब घरी आले ते जरा तरंगतच.

मंगळवारी त्यांच्या वडिलांच्या पोटात कळा सुरू झाल्या.

वडील म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. सत्तर कधीच ओलांडलेली, पण ताठ चालणारे. दाराशी आलेल्या टपालवाल्यासमोरही शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय जायचे नाहीत. आतड्याला पीळ पडला होता. त्याच दिवशी, मुलाच्याच इस्पितळात, ऑपरेशन झालं. सुखरूप झालं.

"उद्यापासून यांना चालवायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पडून राहिले तर छातीत कफ साठेल. या वयात ते फार वाईट."

दुसऱ्या दिवशी गुरुजी काही उठेनात. सिस्टर आली, सून आली, शेजारच्या खाटेवरच्या सुताराने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. गुरुजींचं एकच, "आज नको. दुखतंय."

तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आली. श्वास घेताना छातीत घरघर ऐकू येऊ लागली. डॉक्टरबाईंनी साहेबांना बाजूला घेतलं.

"तुमचे वडील इतके शिकलेले, मग लहान मुलासारखा हट्ट का करतायत? मी स्पष्टच सांगते, आज ते उठले नाहीत तर गोष्ट हाताबाहेर जाईल."

साहेब खाटेपाशी गेले. "बाबा, पुरे झालं आता. मी धरतो तुम्हाला. चला, उठा!"

त्यांनी वडिलांच्या काखेत हात घालून त्यांना हळूहळू उभं केलं. गुरुजींनी एक पाऊल टाकलं, आणि मागून गाऊन मानेपासून खालपर्यंत उघडा पडला. म्हाताऱ्याची ती हडकलेली, सुरकुतलेली पाठ आणि खालचं सगळं अंग भरल्या वॉर्डासमोर उघडं झालं. नुकतीच कुणाची तरी बायकामंडळी भेटायला आली होती. त्यांनी पटकन माना वळवल्या. गुरुजींचा हात मागे गेला, कापडाची टोकं चाचपडू लागला. नाड्या होत्या कुठे? तुटून गेल्या होत्या. दोन टोकं एका हातात मावेनात, आणि दुसरा हात तर पोटाच्या टाक्यांवर. ते मटकन खाली बसले आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"बाबा... म्हणून उठत नव्हता तुम्ही?"

गुरुजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चाळीस वर्षं वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिलं रे मी. कधी काही वाटलं नाही. आज कुणाकडे पाठ करायची लाज वाटते."

साहेबांनी वॉर्डभर नजर टाकली. तीन महिने ते रोज या इमारतीत येत होते, पण हे त्यांना कधी दिसलं नव्हतं! सुतार स्वच्छतागृहाकडे निघाला होता, तो भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखा आडवा. खिडकीजवळचा तरुण उन्हाळ्यातही चादर गुंडाळून बसला होता. एक आजोबा तर हाकेच्या अंतरावरच्या नळावर जाण्यापेक्षा तहानलेले पडून होते. कुणाचीही तक्रार नव्हती. लाजेची तक्रार कोण करतं? आणि या प्रत्येकाच्या अंगावरचा कपडा साहेबांच्याच हाताखालून वर आला होता.

नाडी नाही म्हणून कुणी मरत नाही! स्वतःचेच शब्द त्यांच्या कानात घणासारखे पडले.

ते लिफ्टची वाट न पाहता जिन्याने धावत तळघरात आले. दुपारची जेवणाची सुट्टी झाली होती. मावशी डबा उघडत होत्या.

"मावशी, मला एक गाऊन हवाय. नाड्या असलेला. आत्ताच्या आत्ता! माझे वडील वर आहेत. ते... त्यांना चालता येत नाहीये."

मावशींनी डबा झाकला, ढिगातून एक गाऊन उचलला, फितीचे तुकडे कापले आणि शिवायला बसल्या. जाड, आखूड टाके. प्रत्येक नाडी दोनदा उलटसुलट. साहेब समोर उभे होते. हाताला चाळा नव्हता, म्हणून त्यांचं पहिल्यांदाच नीट लक्ष गेलं. फडक्याआड मावशींचे ओठ हलत होते.

"काही म्हणालात का, मावशी?"

"तुम्हाला नाही, साहेब." त्या जराशा हसल्या. "शेवटची गाठ मारताना प्रार्थना करते. हे कोण घालणार ते मला कुठे ठाऊक असतं? म्हणते, प्रभू, तुला ठाऊक आहे. याला उभं राहता येऊ दे."

"प्रत्येक गाऊनला?"

"मग? घालणारा प्रत्येक वेळी वेगळा असतो ना."

"किती वर्षं करताय हे?"

"एकोणीस होतील."

एकोणीस वर्षं! या ओलसर तळघरात, स्टुलावर बसून, एक बाई अर्धा डबा टाकून अनोळखी माणसांसाठी गाठी मारत होती, आणि प्रत्येक गाठीशी एकेका माणसाला देवाच्या हाती सोपवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पाहिलं नव्हतं. सांगितलं होतं ते एकाच माणसाने, तेही थांबवा म्हणून.

"तुम्ही ख्रिस्ती आहात, मावशी? मला माहीतच नव्हतं."

"तुमच्याच मंडळीत येते की! अगदी शेवटच्या बाकावर, दारापाशी." मावशींनी तोंडावरचं फडकं खाली केलं. "तुम्ही वाचायला उभे राहता तेव्हा मी कान देऊन ऐकते. छान वाचता. रविवारचा पाय धुण्याचा भाग ऐकून मला एक शंका आली. विचारू?"

"विचारा ना."

"त्याने पाय धुतले, आणि मग कंबरेच्या रुमालाने पुसलेसुद्धा. हे पुसल्याचं मुद्दाम का लिहून ठेवलं असेल? ओले सोडले असते तरी धुणं झालंच असतं ना? पाय काय, घटकाभरात आपोआप वाळले असते."

हा भाग साहेबांनी पंचवीस वेळा तरी वाचला असेल. तो शब्द प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून गेला होता, आणि एकदाही कानात शिरला नव्हता.

"मला अडाणी बाईला वाटतं," मावशी दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "की धुणं हे काम झालं. पुसणं ही माया झाली. काम कुणीही संपवतं हो, साहेब. समोरच्याला ओलं सोडायचं नाही, हे त्याने दाखवलं. गाऊन धुऊन दिला, आपलं काम झालं. पण नाडी नसली तर आपण माणसाला ओलाच सोडला की नाही?"

खोलीत वाफ तशीच उठत होती, मशिनं तशीच घरघरत होती. पण साहेबांना वाटलं, आपण चप्पल काढून उभं राहायला हवं होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीसमोर उभं राहून त्यांनी सुरेख आवाज लावला होता, ती गोष्ट इथे, त्यांच्याच हाताखाली, साबणाच्या वासात रोज घडत होती!

मावशींनी गाऊन पुढे केला. साहेब तो घेऊन वळले, आणि दाराशी थबकले.

"मावशी, वर त्या वॉर्डात बावीस खाटा आहेत."

"हो, साहेब."

"मी एकाच्याच नाड्या नेतोय."

साहेबांनी दारावरचा स्वतःचा हुकूम ओढून काढला आणि त्याचा बोळा केला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, एक स्टूल ओढून मावशींच्या शेजारी मांडलं.

"शिकवा मला."

पहिला दोरा सुईत ओवायलाच त्यांना सहा वेळा थुंकी लावावी लागली. पहिली नाडी त्यांनी लावली, ती मावशींनी एका झटक्यात उपटून परत हातात दिली. "हे ड्रायरमध्ये टिकायचं नाही. पुन्हा!" मशिनवाला खदाखदा हसला आणि आपला डबा बाजूला सारून तोही सुई मागू लागला. मग घड्या घालणाऱ्या दोघीजणी आल्या. सुट्टी संपेपर्यंत बावीस गाऊन तयार झाले. साहेबांच्या बोटांना भोकं पडली होती. शेवटची गाठ मारताना त्यांनी डोळे मिटले. मोठ्या आवाजात शास्त्रपाठ वाचणारा तो माणूस, त्याला शब्दच सापडेनात. "प्रभू, याला उभं राहता येऊ दे," एवढंच ते पुटपुटले.

गाडी त्यांनी स्वतः ढकलत वर नेली आणि खाटेखाटेवर एकेक गाऊन वाटला. गुरुजींना नाड्यांचा गाऊन घातला आणि त्यांच्या पाठीशी उभं राहून एकेक नाडी बांधली, मानेची, पाठीची, कंबरेची. गुरुजींनी मागे हात नेऊन चाचपून पाहिलं. सगळं बंद होतं. त्यांनी खांदे सरळ केले.

"चल," ते म्हणाले.

चार पावलं टाकून ते थांबले, खोकले, पुन्हा चालू लागले. वॉर्डाच्या दारातून लांब व्हरांड्यात आले. त्यांच्या मागून सुतार आला, भिंत सोडून, मधोमध, दोन्ही हात मोकळे सोडून. मग चादर टाकून तरुण आला. तहानलेले आजोबा नळापर्यंत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांतून साधे, विटक्या रंगाचे गाऊन घातलेली आजारी माणसं सावकाश, ताठ मानेने चालत होती. सिस्टर हातातला ट्रे घेऊन जागीच उभी राहिली. "आज काय झालंय सगळ्यांना?" ती म्हणाली.

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी मोठमोठ्या मंडळ्यांच्या मिरवणुका पाहिल्या होत्या, पण इतकी पवित्र मिरवणूक त्यांनी कधी पाहिली नव्हती!

गुरुजींचा ताप दोन दिवसांत उतरला. आठव्या दिवशी ते घरी गेले. साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर मावशींची माफी मागितली. मावशी इतक्या संकोचल्या की इस्त्री कापडावर तशीच राहिली आणि एक चादर करपली. तळघरात आता एक शिवणाचं टेबल आहे. गाड्या अजूनही वेळेवर जातात. फक्त नाडी तुटलेला गाऊन वर जात नाही.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातून रोज काही ना काही दुसऱ्याकडे जातं. कुणाच्या हातून कागद, कुणाच्या हातून भाकरी, कुणाच्या हातून नुसता एखादा शब्द. ते ज्याच्याकडे जातं तो बहुधा आपल्याला दिसत नाही, म्हणून 'माझं काम झालं' असं म्हणून आपण हात झटकतो. पण श्रद्धेची कसोटी तिथेच लागते. प्रार्थनेला उभं राहणं सोपं आहे. आपल्या कामामुळे दुसऱ्याला ताठ उभं राहता येणं, हीच खरी उपासना!