जॉर्जियातल्या शेतकऱ्याची पहिली बायको

माझी बायको विभावरी गेल्यापासून ईश्वरीचा अभ्यास माझ्याकडे आला. माझी मुलगी शारजात अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत आठवीला आहे. त्या संध्याकाळी दुबईहून ट्रॅफिकमधून वाट काढत घरी पोचलो, तर ती प्रोजेक्ट घेऊन बसली होती. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका माणसाचं आयुष्य तिला लिहायचं होतं. एलायजा हार्कनेस, राहणार जॉर्जिया. कापसाची शेती, गावात दुकान, पुढे गिरणी, दोनदा विधानसभेत. शेतात राबायला विकत घेतलेले गुलाम.

त्याची माहिती मी मोठ्याने वाचत गेलो. पत्नीच्या निधनानंतर चार महिन्यांत त्याने पुन्हा लग्न केलं आणि त्याच वर्षी दुकान वाढवलं, असं होतं.

"व्हॉट वॉज हर नेम, बाबा?"

शोधलं. दुसऱ्या बायकोचं नाव होतं, गिरणीचं होतं, घोड्याचंसुद्धा होतं. पहिलीचं नव्हतं. गुलामांचीही नव्हती.

"फोर मंथ्स," ती म्हणाली. "अँड यू?"

मला वाटलं होतं, तिला काही माहीत नाही. पुण्याची अक्का, माझी मोठी बहीण, माझ्यासाठी एका स्थळाच्या मागे लागली होती. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत लग्न करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं आमच्यात मानतात. विभावरीचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीत. त्याआधी उरकावं, असं अक्काचं म्हणणं. आज मी होकार कळवणार होतो.

तेवढ्यात अक्काचा व्हिडिओ कॉल आलाच.

"काय रे विजू, काय ठरलं? पोरीसाठी तरी हो म्हण. तिला करून कोण घालणार?"

ईश्वरीने फोन ओढून घेतला. "आत्या, मला भेंडी येते."

"हो, करपलेली. तुझ्या बाबानं फोटो पाठवला होता."

ईश्वरी हसली. मग म्हणाली, "आत्या, बाबाला लग्न करायचं तर करू दे. पण माझं नाव पुढे करू नका."

मी फोन घेतला. "अक्का, आता नाही. त्यांना कळव."

"म्हणजे तीन वर्षं? पन्नाशीला टेकशील. तेव्हा कोण देईल तुला मुलगी?"

"नाही देणार कुणी."

तिने रागाने फोन ठेवला.

मला वाटलं, ईश्वरीला बरं वाटेल. पण ती रडू लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. अशा वेळी विभावरी तिला जवळ घेऊन कानात काहीतरी बोलायची. काय बोलायची, ते मला माहीत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत तसाच बसून राहिलो.