एका श्वासात किती

त्या जूनमध्ये आमच्या गावात अंगावर लाल पुरळ न आलेला माणूस शोधूनही सापडला नसता. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर मान वर न करता सांगायचा, "व्हायरल आहे, पाणी प्या." तीन दिवस ताप, चार दिवस खाज, की आम्ही लेस विणणाऱ्या बायका पुन्हा आपापल्या विणायच्या गादीशी बसून दोऱ्याच्या लाकडी फिरक्या खटखटवायला मोकळ्या. पथ्य मात्र पाळायचं. तापातून उठल्यावर पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, अंगाला वारा लागू द्यायचा नाही.

माझी धाकटी बहीण इरासी पथ्याला कधीच जुमानत नव्हती. आठव्याच दिवशी तिने केस धुतले आणि तशीच ओल्या केसांनी सां जुआंवच्या सणाच्या शेकोटीभोवती नाचून आली.

"भोगशील," मी म्हणाले.

"ताई, तापापेक्षा तुझं तोंड वाईट," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिच्या पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या सकाळी हातातून फिरक्या गळायला लागल्या. खोटं कशाला बोलू, माझंच खरं झालं म्हणून मला बरं वाटलं. मी तिला आडवं केलं, खिडक्या लावून घेतल्या. शेजारच्या दोना झेफिन्याबाईंनीही मान डोलावली. "पथ्य मोडलंय पोरीने. तीन दिवस अंधारात निजू दे, येईल ताळ्यावर."

तीन दिवस निजवली. तिसऱ्या दुपारी मक्याची पेज भरवत होते, तर ती नाकातून बाहेर आली.

"नाटकं पुरे झाली, इरासी!"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्याची एक रेघ हलत नव्हती. मासे नेणाऱ्या टेम्पोत तिला घातलं आणि फोर्तालेझा शहरातल्या मोठ्या इस्पितळात आणलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी तिच्या गुडघ्यांवर छोटी हातोडी मारली. पाय ढिम्म हलले नाहीत. मग म्हणाल्या, "इरासी, मोठा श्वास घे आणि त्या एका श्वासात जमेल तेवढं मोज."

इरासीने सतरापर्यंत मोजलं आणि तिचा श्वास संपला.

"ताप तर कधीच गेला हो," मी म्हणाले.

"विषाणू गेला, दोना लिंडाउरा. पण त्याला मारायला रक्तात जी अँटिबॉडी तयार झाली, ती आता नसांवर उठली असावी. नसांच्या आवरणात एक प्रकारची चरबी असते. तिलाच ती शत्रू समजते, असा आमचा अंदाज आहे."

"म्हणजे घरचाच कुत्रा घरच्यांना चावतोय?"

"तसंच. पाच दिवस सलाईनमधून औषध द्यायचं. जितकं लवकर, तितकं बरं. हातपाय कधीपासून गेले?"

"कालपासून," मी म्हणाले.

"एका दिवसात इतकं?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि नर्सला हाक मारली.

औषध सुरू झालं. तासाभराने इरासी अकरापर्यंतच पोचली. मग सातपर्यंत. मी खाटेचा दांडा धरून मनातल्या मनात पुढचे आकडे म्हणत होते, जणू माझ्या मोजण्याने तिची छाती भरणार होती. दर श्वासाला तिच्या गळ्याखालचा खळगा खोल खोल जात होता. कुणाच्या श्वासाला मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

"एक, दोन, तीन..." चारला तिचा आवाजच फुटेना. मला बाहेर काढलं.

आत घेतलं तेव्हा तिच्या घशात नळी होती आणि यंत्र छातीत हवा भरत होतं.

"वाचेल ना हो?"

"आज सांगता येणार नाही. पण तिला ऐकू येतं, सगळं कळतं. फक्त हलता येत नाही. बोला तिच्याशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जन्मभर तिला टोचून बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. आता तोंड उघडेना.

"इरासी," शेवटी मी म्हणाले, "पथ्याचं काही नव्हतं गं. तुझ्या हातातून फिरक्या गळल्या त्याच दिवशी आणायला हवं होतं. तीन दिवस मी तुला कोंडून ठेवलं. आणि इथे येऊन खोटं बोलले."

डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात थांबला.

इरासीचे डोळे अर्धवट उघडे होते. एरवी ती माझ्यावर रागावली की पहिलं काम म्हणजे तोंड फिरवून बसायची. मी वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ते माझ्याच बाजूला होतं, आणि तिला ते फिरवता येत नव्हतं.