तिला थंडी सोसत नाही

कॅप्टनने दोन्ही हात वर केले, गुडघे वाकवले आणि दुकानातल्या आरशासमोर जागच्या जागी डोंगर उतरायला सुरुवात केली. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मनातल्या एका अवघड वळणावर कंबरही लचकवली. जॅकेट कोरं करकरीत होतं आणि किमतीचा बिल्ला काखेतून लोंबत होता. शेजारी मोजे बघत उभी असलेली एक बाई मुकाट्याने दोन पावलं बाजूला सरकली.

"पाठ उघडी पडते का गं?" त्याने आरशातूनच विचारलं.

"नाही पडत," बायको म्हणाली.

तिच्या एका हातावर त्याचं निळं जॅकेट होतं, दुसऱ्या हातात त्याचा स्वेटर आणि खांद्यावर त्याची बॅग. दुकानात शिरल्यापासून ती खुंटीचं काम करत होती. या कामाची तिला सवय होती.

कॅप्टन हे नाव त्याच्या मित्रांच्या टोळीने ठेवलेलं. तो विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासायचा, जहाज सोडा, साधी होडीही त्याने कधी वल्हवली नव्हती. एका हिवाळ्यात त्याने सगळ्या टोळीला ठाम आत्मविश्वासाने चुकीच्या उतारावरून नेलं आणि भलत्याच गावात उतरवलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. टोळी ते हसून उच्चारायची. त्याला ते मानाचं वाटायचं.

बर्फावर घसरायला जायचं म्हणजे वर्षातला एक आठवडा, पण त्याची तयारी पावसाळ्यापासून चाले. गेले तीन महिने जेवणाच्या टेबलावर जॅकेटाशिवाय विषय नव्हता. कापड पाण्याचा किती दाब सोसतं, दोन थरांचं बरं की तीन थरांचं, घामाची वाफ बाहेर पडते की आतच कोंडते.

"बाहेरचं पाणी आत येत नाही, पण आतला घाम बाहेर जातो. कळलं का?" तो चमचा रोखून सांगायचा.

"घाम यायला आधी हलावं लागतं," ती एकदा म्हणाली होती. त्याने ते ऐकलंच नाही. आपल्या कामाचं तेवढं ऐकण्याची कला त्याला उपजत होती.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि अशी माणसं तिने आजवर पुष्कळ पाहिली होती. साधी सर्दी असते, पण स्वस्त गोळी पुढे केली की त्यांचा अपमान होतो. त्यांना सगळ्यात महाग बाटली हवी असते, ती ते घरी नेऊन कपाटात ठेवतात आणि चार दिवसांनी सर्दी आपोआप बरी झाली की बाटलीचे गुण गातात. कॅप्टनचं दुखणं त्याच जातीचं. गेल्या वर्षी पडला ते बुटांमुळे, त्याआधी पडला ते चष्म्यावर वाफ धरली म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, आणि या माणसाचं अंगण दरवर्षी आणखी महाग होत चाललं होतं.

"काका, जॅकेटची टोपी हेल्मेटवरून ओढून बघा," विक्रेती मुलगी हेल्मेट पुढे करत म्हणाली. "नुसत्या डोक्यावर सगळ्याच टोप्या छान बसतात."

काका म्हटल्याबरोबर कॅप्टनने पोट आत घेतलं. हेल्मेट चढवलं, टोपी ओढली आणि मान इकडेतिकडे फिरवून बघितली. ते ध्यान बघून बायकोला हसूही आलं नाही. पूर्वी यायचं.

"याचं कापड पातळच आहे की," ती मुलीला म्हणाली. बोलायला काहीतरी हवं म्हणून.

"हे नुसतं कवच असतं, काकू. ऊब आतल्या कपड्यांची. याचं काम एकच, पाणी आणि वारा अडवायचा."

"हिला काय सांगतेस," कॅप्टन हेल्मेटातून बोलला. "ही वर येतच नाही. हिला थंडी सोसत नाही."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. हे वाक्य तिच्याबद्दल इतकी वर्षं बोललं जात होतं की आता ती स्वतःच ते पुढे करायची, एखाद्या आजाऱ्याने चिठ्ठी पुढे करावी तसं. परवा लेकीचा फोन आला तेव्हाही तेच झालं. लेक कॉलेजच्या गावी बर्फावर घसरायला शिकली होती आणि यंदा पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर डोंगरावर येणार होती. "आई, तू येशील ना माझ्याबरोबर वरपर्यंत? एकदाच," ती म्हणाली होती. आणि आईने चिठ्ठी पुढे केली होती. लेक मग म्हणाली, "बरं, मी बाहेरून खिडकीकडे बघून हात करीन तुला."

त्या खिडकीचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता. डोंगराच्या पायथ्याचा तो हॉल, ओल्या मोज्यांचा वास, टोळीच्या बॅगा, चाव्या, जोडे. ती त्यांच्यावर लक्ष ठेवून बसायची आणि काचेतून, तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यांकडे बघायची. कोणाला कळू न देता ती त्या पाळण्यांतल्या माणसांचा मनापासून हेवा करायची.

कारण तिला बर्फावर घसरता येत होतं. लग्नानंतर काही वर्षांनी ती पहिल्यांदा गेली तेव्हा खालच्या उतारावर तिने आठवडाभर शिकवणी घेतली होती आणि शिकवणारा म्हणाला होता, बाईंचा तोल चांगला आहे, नवरोबांनी यांच्याकडून शिकावं. शेवटच्या दिवशी कॅप्टन तिला वर घेऊन गेला. त्याने आपलं हिरवं जॅकेट तिला दिलं होतं, स्वतःच्या अंगावर नवं निळं होतं. थोडंच वापरलंय, नव्यासारखं आहे, म्हणाला होता. वर ओलं बर्फ पडत होतं. अर्ध्या वाटेवर ती कुडकुडायला लागली, मग बोटं वळेनात, मग शब्द फुटेना. बचाव पथकाच्या माणसांनी तिला घसरगाडीवर बांधून, ब्लँकेटात गुंडाळून, सगळ्या पर्यटकांदेखत खाली आणलं. टोळी रांगेत उभी होती. कॅप्टन प्रत्येकाला सांगत होता, हिची प्रकृतीच नाजूक, काय करणार. त्या दिवसापासून तिला जगातल्या कोणाहीपेक्षा स्वतःच्या शरीराचा जास्त राग येत होता. हे असलं पुळचट अंग आपल्याच वाट्याला का यावं, असं तिला वाटायचं, आणि ते कोणाला दाखवता येत नव्हतं.

"मग तुमच्या या निळ्याला काय झालं, काका?" मुलीने बायकोच्या हातावरचं जॅकेट उचललं आणि आतली बाजू बाहेर काढली. शिवणींवरून एक अरुंद पट्टी चिकटवलेली होती. खांद्यापाशी तिची कड उचलली गेली होती. मुलीने नखाने जरा खरवडलं तर पांढरा भुगा काउंटरवर पडला.

"संपलंय हे. ही पट्टी सुटली की शिवणीच्या भोकांतून पाणी आत जातं. आधी हा असा कोंडा गळायला लागतो. लोक येतात, म्हणतात मला थंडी फार वाजते, अजून जाड काहीतरी द्या. थंडी कसली, ते आतून भिजलेले असतात. भिजल्यावर कोणीही कुडकुडणारच."

"मला नको सांगूस," कॅप्टन म्हणाला. त्याने हेल्मेट काढलं आणि कोपर काउंटरवर टेकवलं. समोर ऐकणारं माणूस असलं की तो फुलायचा. "माझ्या हिरव्याचं डिट्टो असंच झालं होतं. आधी कोंडा, मग पहिल्याच ओल्या बर्फात दोन्ही खांदे चिंब. मी तिथल्या तिथे ओळखलं. या बाबतीत मी वाट बघत नाही. पुढच्या ट्रिपच्या आधी हे निळं घेऊन मोकळा."

मुलीने कौतुकाने मान डोलावली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जुनाच गुण, पण आज त्या जिभेने काय केलं याचा त्याला पत्ताच नव्हता. तो झिप खालीवर करून बघत होता.

बायको काउंटरवरच्या पांढऱ्या भुग्याकडे बघत होती. त्या दिवशी खाली आणल्यावर कोणीतरी तिचं जॅकेट उतरवलं, तेव्हा आतल्या काळ्या स्वेटरवर असाच भुगा पडला होता. तिला वाटलं होतं, आपल्याच डोक्यातला कोंडा. इतक्या लोकांसमोर. ती आधी तोच झटकत बसली होती.

"आधी घेतलंत?" तिने विचारलं. "ट्रिपच्या आधी?"

"अगं मग? गळकं जॅकेट घालून वर जातो की काय कोणी?"

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथे लबाडी नव्हती. लबाडी असती तर तिला बरं वाटलं असतं, कारण लबाड माणूस निदान दुसऱ्याचा विचार तरी करतो. इथे काहीच नव्हतं. ते हिरवं जॅकेट पुढे कुठे गेलं, कोणाच्या अंगावर गेलं, याची त्या डोक्यात नोंदच नव्हती.

"आणि हे निळंही काही टाकून द्यायचं नाही," तो पुढे म्हणाला. "तुला होईल हे. तू काय, खालीच असतेस."

तिने त्याचा स्वेटर काउंटरवर ठेवला. त्यावर बॅग ठेवली. हात मोकळे झाल्यावर ती मुलीला म्हणाली, "मला एक दाखव."

"तुम्हाला, काकू?"

"हो. कवच. आत स्वेटर मावेल असं. आणि ती पावसाची खोली चालू आहे का?"

दुकानाच्या कोपऱ्यात काचेची एक उभी खोली होती. जॅकेट घालून आत उभं राहायचं आणि वरून पाणी सोडायचं. मुलीने आल्याआल्याच कॅप्टनला तिथे बोलावलं होतं, तर तो म्हणाला होता, आकडे वाचता येणाऱ्याला आंघोळीची गरज नसते.

मुलीने चार-पाच जॅकेटं आणली, त्यांतलं दुसरंच तिने उचललं. हात वर केले, खाली वाकली, हेल्मेटवरून टोपी ओढली, एका हाताने झिप हनुवटीपर्यंत नेली. आरशाकडे पाहिलंही नाही. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पाणी टोपीवर ताडताड वाजायला लागलं. बाहेर कॅप्टनचे ओठ हलत होते, पण काचेतून काही ऐकू येत नव्हतं. ती हात पसरून उभी राहिली. पाणी बाह्यांवरून थेंबाथेंबाने घरंगळत खाली जात होतं आणि आत ती कोरडी होती. खांदे कोरडे, मान कोरडी, पाठ कोरडी. मुलीने खुणेने विचारलं, बंद करू? तिने नकारार्थी मान हलवली. तिला अजून थोडं थांबायचं होतं. या खांद्यांना तिने इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या, त्यांची माफी मागायला एवढी जागा पुरेशी होती.

बाहेर आल्यावर मुलीने आत हात घालून तिचे खांदे चाचपले. "कोरडे ठणठणीत. रंग कुठला देऊ? यात काळा आहे, करडा आहे आणि हा हळदीसारखा पिवळा."

"पिवळा."

"पिवळा?" कॅप्टन म्हणाला. "अगं, मैलावरून दिसशील."

"दिसू दे."

"आणि तू याच्या कापडाबद्दल काही वाचलंयस का? दाब किती, वाफ किती—"

"नाही," ती म्हणाली आणि पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं. "हे मी घालूनच जाते. बिल्ला तेवढा काप."

कॅप्टनचं मात्र घोडं दोन जॅकेटांच्या मध्ये अडलं ते अडलंच. एकाची टोपी सरस होती, दुसऱ्याच्या काखेत वाफ जायला झिप होती. त्याने दोन्ही पुन्हा घातली, पुन्हा एकदा डोंगर उतरला, फोनवर काहीतरी वाचलं आणि शेवटी मुलीला सांगितलं की घाई करण्यात अर्थ नाही, अजून अभ्यास करायला हवा. मुलगी म्हणाली, या ना, पुन्हा या. तो निळं जॅकेट चढवून, आपली बॅग आपणच उचलून दाराशी आला.

रस्त्यावर ओलं बर्फ पडायला लागलं होतं. जमिनीवर टेकताच त्याचं पाणी होत होतं. दिवे लागले होते आणि लोक दुकानांच्या छपराखाली उभे होते.

"टॅक्सी बघतो," कॅप्टन म्हणाला.

"चालत जाऊ. पुलावरून."

"पुलावरून? तो लांबचा रस्ता आहे."

ती चालायलाही लागली होती. थोडा वेळ तो मागून येत राहिला, आकड्यांबद्दल बोलत राहिला, मग त्याचं बोलणं तुटक झालं. तिने वळून पाहिलं. निळ्या कापडाचे खांदे काळे पडले होते आणि तो काळेपणा छातीकडे उतरत होता. त्याने हात काखेत घातले होते.

"अगं, भिजतोय मी," तो म्हणाला. "आतपर्यंत गेलंय पाणी."

तिने पिवळी टोपी जरा मागे सारली, म्हणजे त्याला तिचा चेहरा नीट दिसावा.

"तुम्हाला सोसते ना थंडी," ती म्हणाली आणि पुलाकडे वळली. चालता चालता तिने खिशातून फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला.