आंबाखेडीच्या बावडीतलं रक्त

आंबाखेडीच्या बावडीला रक्त आलं होतं आणि ते पाहायला पंचक्रोशी लोटली होती. सोनकच्छच्या रस्त्यावरच्या या गावातून पटकीनं तेरा दिवसांत एकवीस माणसं नेली होती, तेव्हा खरं तर बघ्यांनी दारं लावून घरात बसायला हवं होतं. पण चमत्कार म्हटला की आपल्या लोकांना ताप, भूक आणि सुतक तिन्ही विसरायला होतं. बावडीच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. खाली पाणी लालभडक दिसत होतं आणि वर निंबाच्या बुंध्याला झमकू कहारीण दोरखंडानं बांधलेली होती.

झमकू म्हणजे गावाला घरोघर पाणी भरून देणारी बाई. पहाटे पहिली घागर तिनंच बुडवली, लाल पाणी वर आलं आणि ती किंचाळली. जिनं पहिल्यांदा पाहिलं तिनंच केलं, असा न्याय झाला. बाईला डाकीण ठरवायला एवढं पुरतं. त्यातून ती विधवा असली तर साक्षीपुरावाही लागत नाही. खबर ऐकून भास्कर घोड्यावरून पोचला तोवर तिचे केस छाटून झाले होते, तोंडाला काजळी फासली होती आणि उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच जागी वाकला होता. बाभळीच्या ओल्या फोका घेऊन लोक पाळीपाळीनं तिला झोडपत होते. त्यांतले बरेचजण रोज तिच्याच घागरीचं पाणी पीत.

भास्कर हा दरबारच्या दवाखान्यातला हॉस्पिटल असिस्टंट, वय सव्वीस. बावडी लाल कुणी केली हे त्या गर्दीत त्याला एकट्याला ठाऊक होतं. काल दिवेलागणीला त्यानंच जांभळी पूड कालवून पाण्यात ओतली होती. पटकीचं विष मारणारं ते औषध. नाव लांबलचक, म्हणून दवाखान्यातले त्याला लाल दवा म्हणत. गावाला सांगायला हवं होतं. पण गावोगाव आठ दिवस हुज्जत घालून तो कंटाळला होता. या अडाण्यांना काय कळणार, असं मनाशी म्हणत त्यानं मुकाट्यानं काम उरकलं आणि पुढच्या गावी मुक्कामाला निघून गेला.

आणि या गावात सांगायला दुसरा एकजण बसलेलाच होता. उमाशंकरबाबा. नेमावरला नर्मदेच्या पाण्यात आपण बारा वर्षं एका पायावर उभे होतो, असं तो सांगे. दुसऱ्या पायानं तेवढा वेळ काय केलं ते कुणी विचारलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी बावडीच्या वरच्या अंगाला, टेकाडावरच्या देवळापाशी त्यानं मांडव घातला होता. आजूबाजूच्या गावांतले पटकीचे रोगी तिथं आणून टाकत. बाबा त्यांना भस्म चाटवी. जगला तर बाबांची कृपा, मेला तर डाकिणीची करणी, असा दोन्हीकडून चालणारा धंदा होता.

आता बाबा बावडीच्या काठावर उभा होता आणि चेल्यांनी पाच घागरी मांडल्या होत्या. त्यांत नर्मदाजल असल्याचं त्यानं जाहीर केलं. मग डोळे पांढरे करून, अंग घुसळत, तो एकेक घागर खाली ओतू लागला. "माँ रेवा, खून पी जा। पाप पी जा। डाकण का कलेजा पी जा।" पाचवी घागर रिकामी झाली तेव्हा पाणी तपकिरी झालं होतं. घटकाभरानं त्यातला लाल अंश पार नाहीसा झाला. बायका पायऱ्यांवर लोटांगण घालू लागल्या, जयजयकारानं कबुतरं उडाली. बाबानं सांगितलं की पाणी आता अमृत झालं आहे, खुशाल प्या. फक्त दिवस मावळायच्या आत डाकिणीची जीभ डागली नाही, तर उद्या पुन्हा रक्त येईल.

विळा निखाऱ्यात होताच. तो चिमट्यानं उचलला प्रतापरावांनी. हे गावचे जहागीरदार. चार दिवसांपूर्वी त्यांचा सहा वर्षांचा गणोजी बाबाच्या मांडवात ओकून ओकून गेला होता. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती आणि विचारही नव्हता. कुणाला तरी जाळल्याशिवाय त्यांना राहवणार नव्हतं.

भास्कर गर्दीत घुसला आणि झमकूच्या पुढ्यात उभा राहिला. "ते रक्त नव्हतं, औषध होतं. मी टाकलं. हिचा काही संबंध नाही."

खरं बोलल्याचं फळ तिथल्या तिथं मिळालं. पहिला दगड तोंडावर बसला आणि दोन दात रक्तासकट बाहेर आले. तो पडला, तसे लाथा घालायला पुष्कळ पाय पुढे झाले. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. बाबा तरबेज होता. साहेबलोकांनीच याला विहिरींत विष घालायला धाडलं आहे, अशी आरोळी त्यानं ठोकली, आणि वर पुस्ती जोडली, "देखो, डाकण का यार आ गया।" लोक हसले. एकीकडे माणूस तुडवत असताना लोकांना हसता येतं, हे भास्करला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात गर्दीच्या कडेला बैल जुंपून उभ्या असलेल्या पडद्याच्या दमणीतून प्रतापरावांच्या पत्नी, नर्मदाबाई, खाली उतरल्या. लग्न होऊन आल्यापासून गावानं त्यांचं नखही पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदरही न सावरता त्या सरळ चालत आल्या, तेव्हा लाथा आपोआप थांबल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही टाकलंत म्हणता ना? मग आत्ता सगळ्यांसमक्ष करून दाखवा. नाही जमलं, तर मी अडवणार नाही."

भास्करला धड बसता येत नव्हतं. त्यानं खोगिरातली डबी मागवली. नर्मदाबाईंनी जहागिरीच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी दोन काचेच्या पेल्यांत आणवलं. त्यानं चिमूटभर पूड सोडली आणि दोन्ही पेले बावडीइतके लाल झाले. पुढचे लोक वाकून पाहू लागले. मग त्यानं बाबाच्या घागरींपैकी एक मागितली. बाबा म्हणाला, जलपात्राला परक्याचा हात लागला तर माता कोपेल. नर्मदाबाईंनी गड्याला खूण केली आणि गड्यानं चेल्याच्या कानाखाली वाजवून घागर आणली. तळाशी उरलेलं पाणी भास्करनं एका पेल्यात ओतलं. मंत्र नाही, घुमणं नाही. लालाचं तपकिरी झालं आणि बघता बघता रंग उडाला. दुसरा पेला लालच राहिला.

त्यानं घागरीत हात घालून तळ खरवडला. बोटांना चिंचेचा चोथा आणि एक चिंचोका लागला. नर्मदेच्या पाण्यात चिंचा पिकतात हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

तो दोन दात गेलेल्या तोंडानं, रक्त थुंकत, सांगू लागला. हे औषध पाण्यातली घाण जाळतं आणि जाळता जाळता स्वतः संपतं. रंग टिकला तर पाणी शुद्ध. रंग गेला तर औषध संपलं, आणि घाण अजून शिल्लक असू शकते. चिंचेच्या कोळानंही ते संपतं. म्हणजे बाबानं पाण्यातलं विष तसंच ठेवून औषध तेवढं मारलं, आणि वर ते प्यायला सांगितलं. हे ऐकताच नर्मदाबाईंनी शेजारच्या एका पोराच्या तोंडाला लागलेला अमृताचा लोटा फटका मारून उडवला.

बाबा हरणारा नव्हता. रक्त तर आज आलं, माणसं तेरा दिवस मरताहेत, मग ती कुणी मारली, असं त्यानं विचारलं. प्रश्न चोख होता. लोक पुन्हा झमकूकडे वळून पाहू लागले.

भास्करनं टेकाडाकडे बोट केलं. बाबाच्या मांडवामागे दगडाच्या जुन्या खाणीचा खड्डा होता. रोग्यांची ओकारी, हगवण, मेलेल्यांच्या गोधड्यांचं धुणं, सगळं त्या खड्ड्यात जायचं. खड्डा भरत मात्र नव्हता. तिथं पडलेलं पाणी जात कुठं होतं?

"दीडसौ पावलं काळा पत्थर आहे मधे," प्रतापराव पहिल्यांदाच बोलले. "पत्थरातून पाणी येतं का कुठं?"

"पत्थराला भेगा असतात, सरकार. जमिनीखालीही पाण्याला उतार असतो. ते तिथून मुरतं आणि बावडीच्या पश्चिमेच्या झऱ्यातून बाहेर येतं. मला शंका होती, म्हणून परवा आरतीच्या वेळी मी त्या खड्ड्यात दोन पोती मीठ ओतलंय. झऱ्याचं पाणी तोंडात घालू नका. आटवून बघा."

दोन लोखंडी कढया चुलवणावर चढल्या. एकीत पश्चिमेच्या झऱ्याचं पाणी, दुसरीत मळ्याच्या विहिरीचं. दोन्ही आटायला दीड तास लागला. भास्करनं झमकूला सोडा म्हणून दोनदा विनवलं, पण निकाल लागल्याशिवाय दोर सुटणार नाही असं उत्तर मिळालं. ती मान टाकून उभी होती आणि तिचा सुजलेला हात निळा पडत चालला होता. प्रतापरावांनी विळा पुन्हा निखाऱ्यात खुपसला होता आणि तेवढा सगळा वेळ तो बाजूला काढला नाही.

मळ्याच्या कढईत धुरकट रेघ तेवढी उरली. झऱ्याच्या कढईचा तळ पांढरा झाला होता. नर्मदाबाईंनी बोटानं तो थर खरवडून जिभेवर ठेवला.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या गणोजीची ओकारी धुतली, ते पाणी तुम्ही सगळे प्यायलात."

पुढं जे झालं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवं. लोकांना सत्य कळलं, आणि सत्य कळल्यावर त्यांनी काय केलं? फोका तशाच हातांत होत्या. त्यांचा रोख बाबाकडे वळला इतकंच. बाबाला जटा धरून टेकाडावर फरफटत नेला. त्याचा गुडघा दगडानं फोडला, त्याच्याच खड्ड्यात त्याला उताणा पाडला, आणि सकाळी झमकूच्या तोंडाला काजळी फासणाऱ्यांनीच त्याच्या तोंडात ती घाण कोंबली. प्रतापराव लाल विळा घेऊन खड्ड्यात उतरले. भास्कर गडगडत खाली गेला आणि बाबाच्या अंगावर आडवा पडला. विळा भास्करच्याच खांद्यात बसला. मांस जळल्याचा वास आला तेव्हा प्रतापराव भानावर आले, हातातला चिमटा टाकून मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

बाबाला बैलगाडीत बांधून देवासला धाडला, जिवंत. सोबत धाडलेल्या शिपायापाशी त्यानं वाटेतच कबूल केलं. नेमावरच्या जत्रेत सरकारी माणसं ही लाल दवा टाकताना त्यानं पाहिली होती, आणि आंबट टाकलं की रंग जातो हेही तिथंच त्याला कळलं होतं. सिद्धी म्हणतात ती एवढीच.

भास्कर धडपडत बावडीपाशी परत आला. झमकू अजून बांधलेलीच होती. ती निर्दोष आहे हे साऱ्या गावाला पटलं होतं आणि तिला सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं एका हातानं गाठी सोडवल्या. ती खाली बसली, त्याच्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाब, तम काल सांजे म्हारे बतई देता, तो हूं आखा गाम के कई देती."

त्यानं आपल्याला सांगितलं असतं, तर आपण साऱ्या गावाला सांगितलं असतं. बाबानं लोकांना खोटं सांगितलं होतं आणि भास्करनं काहीच सांगितलं नव्हतं. गावानं दोघांचंही पाणी सारख्याच अज्ञानात पाहिलं होतं. जळलेल्या खांद्यापेक्षा ही गोष्ट त्याला जास्त लागली.

पुढच्या आठवड्यात खड्ड्यातली घाण दूर माळावर नेऊन पुरली, खड्ड्यात चुनकळी टाकली आणि वर चिकणमाती चोपून बसवली. बावडी तीनदा उपसली. मग भास्करनं दवंडी पिटवली आणि भर दुपारी सगळ्यांसमोर डबी उघडली. पूड किती, कशाला, रंग का येतो आणि का जातो, हे त्यानं चारचारदा सांगितलं. पूड गावकऱ्यांच्याच हातानं टाकवली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी गुलाबी होतं. तरी कुणी घागर बुडवीना. झमकू हात झोळीत अडकवून वरच्या पायरीवर बसली होती. ती भास्करला म्हणाली, "पेलां तम पियो." तो खाली उतरला, लोटा भरला आणि तिच्यासमोर उभा राहून प्यायला. मग ती प्यायली. त्यानंतर आंबाखेडीत पटकीनं कुणी गेलं नाही.

तुमच्याही गावात कुणी पाणी लाल करील, कुणी ते पांढरं करून दाखवील. तो भगव्यात असो की दवाखान्याच्या कोटात, त्याला विचारायला लाजू नका: काय टाकलंस, कशानं झालं, आणि आधी तू पितोस का? विचारल्यानं खऱ्या माणसाचं काही बिघडत नाही. आंबाखेडीत त्या सकाळी दोनशे माणसं होती, सगळ्यांना तोंड होतं, आणि हे बाबाला एकानंही विचारलं नाही. झमकूला पुढं उजव्या हातानं घागर कधीच उचलता आली नाही.