खवल्या मांजराचा ठिकाणा

मुकुंदबुवांच्या कीर्तनात पूर्वरंगाला म्हातारी माणसं डोलायची आणि उत्तररंगाला लेकरं पुढे सरकायची. तिथून बुवा देवाची जनावरं काढत. समुद्रातली पाणमांजरं झोपेत वाहून जाऊ नयेत म्हणून एकमेकांचे पंजे धरतात, हे सांगताना ते स्वतःचेच हात एकमेकांत गुंफत. "ज्यानं एवढ्या मायेनं हे घडवलं, त्याले हाक मारा रे बाबांनो!" म्हणत ते चिपळ्या उचलत.

त्या गुरुवारी नागपुरातल्या नेहमीच्या देवळात त्यांनी खवल्या मांजर घेतलं. "दात एकही नाही गा याले! लांबलचक जीभ, मुंग्या चाटून खाते. पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरते. अन् संकट आलं तं आई पळत नाही, पिल्लाले पोटाशी धरून चेंडूवानी पडून राहते!"

लेकरं खिदळली. मागून कोणीतरी ओरडलं, "बुवा, फेकून राहिले!"

बुवांना ते झोंबलं. "काहून फेकू? बुटीबोरीच्या पुढं माह्या बहिणीच्या शेतात, विहिरीमागच्या पळसाखाली बीळ आहे. मी सोता पाह्यलं."

तबल्यावरच्या अंकुशनं हे मोबाइलवर रेकॉर्ड करून नेटवर टाकलं. दोन दिवसांत हजारो लोकांनी पाहिलं. बुवा हरखले.

नवव्या दिवशी बहिणीचा, पुष्पलताबाईंचा फोन आला. "दादा, पळसाखाली कोणी खणलं रे. बिळात मिरचीचा धूर केला. अजून ठसका लागून राहिला."

बुवा मिळेल त्या बसनं पोचले. खड्ड्यापाशी वनरक्षक चंद्रभान उभा होता. हायवेवर दोघं शिकारी सापडले होते. पोत्यात खवले होते, आई संपली होती. पिल्लू तेवढं जिवंत होतं.

"बुवा, रागावू नका," चंद्रभान म्हणाला. "त्यातल्या एकाच्या मोबाइलात तुमचं कीर्तन निघालं. म्हणते, आमाले चावायचं भेव होतं. बुवानं सांगितलं दात नाही, पळत नाही. मंग उचललं अन् पोत्यात घातलं."

"माह्या दादाले कायले बोलता? देवाचंच तं सांगितलं त्यानं!" पुष्पलताबाई उसळल्या.

"मी कुठं बोलून राहिलो, बाई? तो बोलला."

बुवा खड्ड्याच्या काठावर बसले. आपला शब्द ऐकणाऱ्याच्या काळजात उतरू दे, असं तीस वर्षं ते देवाला विनवत होते. उतरला होता. खुणेसकट.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. लोक संतापतील, उठून जातील, असं त्यांना वाटलं होतं. लोकांनी डोळे पुसले. "वा बुवा!" कोणीतरी म्हणालं. मग टाळ्या पडल्या. देवळाचे विश्वस्त आनंदराव वाकून कानात कुजबुजले, "लेकरं आहेत बुवा, एवढं कडू कायले? काही गोड सांगा."

तेवढ्यात पुढची एक पोरगी उभी राहिली. "बुवा, पिल्लू कुठं आहे? आमाले पाह्यचं आहे."

बुवांनी मान वर केली. पोरीच्या मागे सगळीकडे मोबाइल उंचावलेले होते. सकाळीच ते वनखात्याच्या केंद्रात पिल्लाला पाहून आले होते. घडी केलेल्या घोंगडीला ते चिकटून बसलं होतं, दूध घेत नव्हतं. केंद्र कोणतं, फाटक कुठलं, खोली कितवी, सगळं त्यांना ठाऊक होतं.

"मले माहीत नाही, बेटा."

नारदाच्या गादीवरून ते जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. अंकुश तबल्यावर हात ठेवून वाट बघत होता. बुवांना गजर सुचेना.