चारशे बारा कबरी आणि एक पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह विकणाऱ्या बाजारातल्या त्या लोकांना एकदा माझ्यासमोर रांगेत उभं करा. वर चौसष्ट जीबी छापायचं आणि आत धड दोनही नाही. लिनक्सची इमेज, म्हणजे अख्खी सिस्टिम, लिहायला घेतली की निम्म्यात जीव सोडतो. त्या सकाळी डब्यातले तीन पेन ड्राइव्ह असे एकामागोमाग गेले, आणि समोरच्या स्टुलावर बू पार्तिनी पर्स मांडीवर धरून शांत बसल्या होत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इंडोनेशियातल्या सेमारांगमध्ये माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. आमच्याकडे बाईंना मानाने बू म्हणतात, पुरुषाला मास. बू पार्तिनी दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांचं किनाऱ्यावरचं गाव भरतीच्या पाण्यात गेलं, लोक पांगले. पाणी कबरस्तानात शिरायला लागलं तेव्हा या बाईंनी मोजपट्टी आणि बांबू घेऊन चारशे बारा कबरींचा नकाशा केला. कोणाची कबर कुठे, मशिदीच्या मिनारापासून किती पावलं, प्रत्येकीचा फोटो. आता वर कमरेएवढं पाणी. न्याद्रानला, म्हणजे रमजानच्या आधी पूर्वजांच्या कबरी साफ करायच्या दिवशी, लोक होडीतून जातात आणि बू पार्तिनी नकाशा बघून सांगतात, इथे थांबा, तुमची आई इथे आहे. मग तिथे फुलं सोडायची. न्याद्रान पाच दिवसांवर आलं होतं आणि नकाशा ज्यात होता तो लॅपटॉप कंपनीचं चित्र दाखवून तिथेच अडकून बसला होता. कागदावरच्या नकाशाचा पाण्याने आधीच लगदा केला होता.

"होईल ना, मास गुनादी?"

"होईल हो. विंडोज बिघडलंय, डिस्क शाबूत असणार. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करतो, लॅपटॉपमध्ये काही न बसवता. मग तुमच्या फायली उचलून घेऊ. पण आधी पेन ड्राइव्ह तर नीट मिळू दे."

"माझ्याकडे आहे एक." त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून काळा पेन ड्राइव्ह सोडवला.

"रिकामा आहे ना?"

"त्यात कधी काही दिसलं नाही बाई."

मला तेवढं पुरलं. पेन ड्राइव्ह लावला की आपोआप खिडकी उघडून आतलं दाखवणं मी माझ्या मशीनवर कधीच बंद करून टाकलंय. असल्या लाडांचा मला तिटकारा. यादीत बत्तीस जीबीचं यंत्र दिसलं, नाव बघितलं, चुकून माझीच डिस्क पुसली जाऊ नये म्हणून दोनदा बघितलं, आणि एका ओळीची आज्ञा देऊन इमेज लिहून टाकली. सात मिनिटं. पडताळणीच्या बेरजा जुळल्या. एकही चूक नाही. दिवसात पहिल्यांदा काहीतरी मनासारखं झालं म्हणून मी बूंनी आणलेली एक लुंपिया, सारण भरलेली तळलेली गुंडाळी, तोंडात टाकली.

पुढचा दीड तास त्या लॅपटॉपने माझा अंत पाहिला. पेन ड्राइव्हवरून सुरू हो म्हणून सांगायचं बटण कुठलं, तर एफ दोन नाही, एफ बारा नाही, शेवटी एफ नऊ. मग म्हणतो, हे लिनक्स माझ्या ओळखीचं नाही, चालू करणार नाही. ती सुरक्षा बंद केली. मग उजवीकडचं पोर्ट मेलेलं निघालं. मी टेबलावर हात आपटला तशा बू म्हणाल्या, "सावकाश, मास गुनादी. मी कुठे पळून जातेय?"

डावीकडे लावल्यावर लिनक्स एकदाचं उघडलं. आणि डिस्क यादीतच नाही. लॅपटॉपला कान लावला तर आतून टक, टक, टक. तो आवाज मी ओळखतो. आतला वाचणारा काटा मोडलाय. डिस्क गेली.

कसं सांगायचं ते मला कधीच जमत नाही. "बू, डिस्क मेली," असं सरळच बोलून गेलो. त्यांनी मान हलवली, थोडा वेळ पर्सच्या चेनशी चाळा केला, मग फोन काढला. पुतण्या त्रियोनो कोरियात कारखान्यात आहे, लॅपटॉपचं सगळं तोच बघायचा. बूंनी डिस्क गेल्याचं सांगितलं तसा स्पीकरवर त्याचा आवाज आला; काकूला तो बुलिक म्हणतो.

"बुलिक, रडताय कशाला? जाताना मी सगळं पेन ड्राइव्हवर घालून दिलंय ना. काळा, किल्ल्यांना लावलेला. माझ्या लिनक्सवरून केलाय, तुमच्या विंडोजला तो वाचता येत नाही. म्हणून तर सांगितलं होतं, फॉरमॅट करू का विचारेल, हो म्हणू नका."

बूंचा चेहरा असा खुलला की मला खाली बघावंसं वाटलं. त्यांनी लगेच लॅपटॉपमधला पेन ड्राइव्ह उपटला आणि माझ्या हातात ठेवला. "हाच की हो. आणि मी वेडी, काही दिसत नाही म्हणत बसले. घ्या, मास गुनादी, काढा नकाशा."

मला वाटलं, गप्प बसावं. डिस्क तर मेलीच होती, खापर तिच्यावर फुटलंच होतं. पेन ड्राइव्हही बिघडला म्हटलं असतं तर या बाईंनी वर आभार मानले असते. तसं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

"बू, यात आता नकाशा नाही. सकाळी मी यावर लिनक्स लिहिलं. नकाशा त्याच्याखाली गेला. उरलेल्या भागातून काही फोटो निघतील, रात्रंदिवस बसून काढतो. पण नकाशाची फाईल नाही मिळायची, आणि फोटोंना नावं नसतील. मी आधी आत बघायला हवं होतं."

त्रियोनो पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिला. बूंनी फोन बंद केला.

"लिहिलं म्हणजे फॉरमॅट?"

"तसंच."

"तीन वर्षं तो लॅपटॉप मला विचारतोय," त्या म्हणाल्या. "पुसून टाकू का, पुसून टाकू का. दरवेळी मी नाही दाबलं. तुम्हाला नाही विचारलं त्याने?"

"माझं मशीन विचारत नाही, बू. मला ते तसंच आवडायचं."