कॅप्टनचं लँडिंग

त्या दिवशी दुपारी बाबांनी बोट चुकीच्या बेटाला लावली, आणि तीही मोठ्या दिमाखात.

नोकरीभर ते या बेटांवरून विमानं नेत आले होते. वरून त्यांना एकेक बेट ओळखता यायचं: एक चपलेसारखं, एक इस्त्रीसारखं, एक अर्धवट खाल्लेल्या बिस्किटासारखं. निवृत्तीनंतर शिडाची बोट घेऊन तीच बेटं खालून बघायची आणि त्यावर पुस्तक लिहायचं, असा बेत होता. दोन पुस्तकं आधीच झाली होती, त्यामुळे लिहिण्यावर हात बसला होता. अडचण एकच. पाण्यावरून कुठलंच बेट चपलेसारखं दिसत नाही. सगळी सारखीच, हिरवी आणि आडवी. नकाशा होता, पण जिथं जन्म काढला तिथं पत्ता विचारत फिरायचं का, असं बाबांचं म्हणणं.

"हे चप्पल," ते म्हणाले. "टाचेपाशी खानावळ आहे. मासे झकास तळतात."

माशांचं नाव निघताच मुलीने मांडीवरची बादली जवळ ओढली. रजा काढून ती चार दिवस बाबांबरोबर आली होती. पुस्तकांचं संपादन हा तिचा धंदा. समुद्राविषयी तिनं इतकं वाचलं होतं की वादळात काय करावं हे तिला तोंडपाठ होतं. वादळ नसताना पोटात अन्न कसं टिकवावं, हे मात्र कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

बोट इतकी अलगद टेकली की बादलीतलं पाणी हललं नाही. धक्क्यावर खानावळ नव्हती. एक बंद गोदाम होतं आणि एक बकरी.

"इस्त्री दिसतेय," बाबा म्हणाले.

"पुस्तकात काय लिहाल?"

"लिहीन की, कॅप्टनने प्रवाशांना सुखरूप उतरवलं. भलत्याच गावी."

मग ते टोपी नीट करून बोटीच्या कडेला उभे राहिले. ही जुनी सवय. विमान उतरलं की दारात उभं राहून प्रवाशांना निरोप द्यायचा, आणि जाता जाता कुणीतरी म्हणायचं, लँडिंग छान झालं, कॅप्टन. नोकरीतल्या तेवढ्याचीच आठवण येते, असं ते सांगत. आता प्रवासी एकच, म्हणून दर धक्क्याला ते तिच्यासाठी उभे राहत. त्यांना काय ऐकायचंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लेखकांच्या लाडक्या वाक्यांवर काट मारून तिचं पोट भरत होतं. कौतुकाची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटे.

"लँडिंग कसं झालं?"

"बकरीला विचारा," ती म्हणाली आणि बादली घेऊन उतरली.

बाबा पोट धरून हसले. रात्री मासे नव्हतेच, बिस्किटांवर भागवलं. "उद्या चप्पल," ते झोपताना म्हणाले. "नक्की."

सकाळी ती चहा घेऊन गेली, तर ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

बाबांना लाँचमधून घरी आणलं. बोट तिथंच राहिली. सगळं उरकल्यावर आत्या म्हणाली, "माणूस पाठवून आणवू या." बोटीत अर्धा वाटा आत्याचा, आणि शीड हाताळायला धाकटी असून तिनंच बाबांना शिकवलेलं.

"मी आणते," मुलगी म्हणाली.

"तू? अगं, तुला लिफ्टमध्ये गरगरतं."

"तू असशील ना बरोबर."

"म्हणजे मी आणते."

"सुकाणू मी धरणार. त्यांची फेरी अर्धवट राहिलीय, आत्या. परक्या माणसाने पुरी करायला नको."

आत्या बादली शोधायला गेली.

इस्त्रीच्या धक्क्यावरून निघताना मुलीने वाचलेलं सगळं करून पाहिलं. बोटीने यातलं काही वाचलेलं नसावं. ती जागच्या जागी गोल फिरली. बकरी बघत होती.

बऱ्याच वेळाने समोर एक हिरवी रेघ आली. "ते चप्पल," मुलगी ठामपणे म्हणाली.

आत्याने नकाशा उघडला. "ते बिस्किट. चप्पल मघाशीच गेलं. तूच म्हणालीस, काय रटाळ बेट आहे."

मुलगी हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता बादली लागली, ती आत्याने पुढे सरकवली.

घरचा धक्का आला तेव्हा बोटीला भलताच वेग होता. "हळू," आत्या म्हणाली. "हळू. बरं, राहू दे आता." धक्क्याच्या टायरांवर बोट दाणकन आपटली, घासत गेली आणि रंगाचा एक लांब पट्टा तिथंच ठेवून थांबली. मुलीने दोरीला पुस्तकातली गाठ मारली. ती सुटली. आत्याने दुसरी मारली.

उतरताना आत्या वळली. "लँडिंग भयंकर होतं, कॅप्टन," ती म्हणाली आणि डोळे पुसत चालू लागली.

तेव्हा मुलीच्या लक्षात आलं की आपण बोटीच्या कडेला, बाबांच्या जागी उभ्या आहोत. तिथून उतरणाऱ्याचा चेहरा अगदी समोर दिसतो. आपलाही बाबांना दिसत असणार, दर वेळी, तोंड मिटलेला.

ती बादली घेऊन उतरली. धक्क्यावर उभी राहून तिनं मागे, त्या रिकाम्या कडेकडे पाहिलं.

"छान झालं होतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "प्रत्येक लँडिंग. इस्त्रीचंसुद्धा."